काट्याचं तोंड

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
"अध्यक्ष म्हणून सौ. पुस्तकला नन्नावरे यांची
सर्वानुमते निवड. चहा झाला. सभा संपली."

लिहिलं नाही ते असं,
की खुर्चीवर कुणी बसेचना.
लाल प्लास्टिकची खुर्ची, एक पाय चिरलेला,
तारेनं बांधलेला.
अकरा जणी सतरंजीवर,
नि पुस्तकला उभी, पदराला हात पुसत,
जसं कुणाकडे जेवायला बोलावलंय
आणि मांडलेला पाट आपलाच का, कळेना.

नाव पुस्तकला, शाळा चौथीपर्यंत.
एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या सातऱ्यावर
मिरचीचे देठ खुडले तिनं
किलोमागे मोजून.
संध्याकाळी बोटं अशी पेटायची
की ताकात बुडवून बसायची,
लेकराचे डोळे पुसायला
सासूला हाक मारायची.
काट्याचं तोंड मुनीमाकडे.
तो वाचेल तो आकडा.
"सात किलो." सातच.
हातांना माहीत असायचं, आठ होते.
पण हातांची साक्ष कोण लिहून घेतो?

मग उमरेडच्या रस्त्यालगत
टिनाचं शेड घेतलं भाड्यानं,
जिथं पूर्वी खताची पोती असायची.
बँकेतल्या साहेबानं फॉर्म उलटापालटा केला,
"मिस्टरांना घेऊन या," म्हणाला.
"त्यायले मिरचीनं शिंका येतात साहेब.
धंदा माहा हाय, सही मीच करतो."
आणि केली. एकेक अक्षर
जात्यात दाणे सोडावे तसं,
साहेबाचा चहा थंड होईस्तोवर.

पहिला ट्रक नागपूरहून परत आला.
ओल जास्त आहे, म्हणाले.
त्या रात्री गावात पुष्कळांना छान झोप लागली.
आम्ही नऊ दिवस माल पसरला, उलथला,
पुन्हा पसरला.
पुस्तकला रोज एक मिरची कानाशी हलवून बघायची.
दहाव्या दिवशी म्हणाली,
"आता बोलते."

पण अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम तिनं केलं ते वेगळंच.
काटा फिरवला.
दोन्ही हातांनी उचलून, आकडा
खुडणाऱ्या बायांकडे.
बस्स. ठराव नाही, टाळ्या नाहीत.
सायत्राबाईला तर अंकही येत नव्हते,
तीही सरकून पुढं आली बघायला.

आले मग तिला अंक.
पौषात भर सभेत उभी राहिली:
"भाव वाढव व पुस्तकला.
मिरचीचा वाढला, आमच्या बोटायचा तोच.
आता तू मालकीण. आता तुह्याशीच भांडन."

शेड गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.
मी पेन बाजूला ठेवलं;
हे लिहायचं नसतं, असं वाटलं मला.
पुस्तकलाच्या चेहऱ्यावरून
बँकेचा हप्ता गेला, पोत्यांची उधारी गेली,
परत आलेला ट्रक गेला,
आणि बहुतेक तो मुनीमही.
मालक होणं तसं सोपं असतं.
फक्त मान दुसरीकडे वळवायची.

तिनं माझ्या हातातली हिशेबाची वही ओढली,
सायत्राबाईसमोर खाली उघडी ठेवली.
"हे पाय. इतके आले, इतके गेले.
यातून किती निघतात, तूच सांग."
दुपारभर दोघी
आकड्यांवरून बोटं फिरवत बसल्या.
दोन मागितले होते, सव्वा रुपया ठरला.
पुरतं खूश कुणीच नव्हतं.

"लिव व पोरी," ती मला म्हणाली,
"सायत्राबाईनं विरोध केला, थोबी लिव.
नावासकट.
उद्या खुर्ची तिची असन."

लिहिलं.
वहीवरची भुकटी बोटांना लागली होती.
घरी येऊन चुकून डोळा चोळला,
नि बराच वेळ
नुसतं भगभगत राहिलं.